चढाईपटूची पारख



भाताची झोडणी उरकली, खाचरे मोकळी झाली, की आमच्या पनवेल तालुक्यात गावोगाव कबड्डीच्या सामन्यांचे फलक लागतात. नावडे गाव त्याला अपवाद नाही. एका अंगाला तळोजे औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या वेळच्या नव्या इमारती, मधून दिवा-पनवेल लोहमार्ग. शेती आटत चालली, पण कबड्डी काही आटली नाही. पूर्वी सामना संपला की पारावर वाद व्हायचा तो आपल्या गावच्या गड्यांवरून. आता त्यात टीव्हीवरच्या गड्यांची भर पडली आहे. आणि हा वाद बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो. अमुक चढाईपटू आणि तमुक चढाईपटू, या दोघांत चांगला कोण?

प्रश्न वरवर पाहता पोरासोरांचा वाटेल. पण तो शाळेतल्या गुरुजींना पडतो, कारण चाळीस मुलांतून संघाची बारा मुले काढायची असतात. तो गावच्या कप्तानाला पडतो. लिलावात कोटीकोटीने बोली लावणाऱ्या संघमालकांना पडतो. आणि मोबाइलवर आपला 'मनातला संघ' बांधणाऱ्या आमच्या कॉलेजातल्या मुलांना तर रोज पडतो. वर्गात मागणी-पुरवठा शिकवीत असावे आणि मागच्या बाकावरून आवाज यावा, "सर, परदीप का पवन?" मी अर्थशास्त्राचा मास्तर. या प्रश्नाला मागणी-पुरवठ्याशी काही देणेघेणे नाही असे मला म्हणवत नाही. म्हणून आज चढाईपटूंची तुलना कशी करावी याचा थोडा हिशेब आपण मांडू. हिशेब सोपा आहे. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार एवढे आले की पुरे.

आधी हा मनातल्या संघाचा खेळ आला कुठून ते पाहू. तो निघाला अमेरिकेत. तिथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू बगलेत धरायचा आणि समोरच्या धिप्पाड गड्यांची फळी फोडून पुढे पळायचे, असा तो खेळ. पळण्याचे हे काम मुख्यतः ज्याच्याकडे असते त्याला 'रनिंग बॅक' म्हणतात. १९६२ साली बिल विंकेनबाख या गृहस्थांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. हे ओकलंड रेडर्स नावाच्या संघाचे एक भागीदार. खऱ्या संघांतले खेळाडू मित्रामित्रांनी आळीपाळीने कागदावर निवडून घ्यायचे, आणि ते खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात जे करतील त्याचे गुण आपापल्या कागदी संघाच्या खात्यावर मांडायचे, अशी ती कल्पना. १९६३ साली त्यांच्या मंडळींनी अशी पहिली निवड केली. पुढे हा नाद त्या देशात घरोघर पसरला आणि निवडीच्या दिवशी पहिली झडप बहुधा रनिंग बॅकवर पडू लागली. कारण उघड आहे. चेंडू ज्याच्या हाती जास्त वेळा, गुण मिळवण्याची संधीही त्यालाच जास्त.

आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. मैदानावर पोरे जमली की दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात आणि एकेक भिडू मागून घेतात. पहिल्याने एक घेतला, तर दुसऱ्याने दोन घ्यायचे, मग पुन्हा पहिल्याने, असा न्यायही आपल्याकडे पोरांनी आपला आपण काढलेला आहे. अमेरिकेत त्याला मोठी नावे आहेत, एवढेच. आणि त्यांच्या रनिंग बॅकच्या जागी आपल्याकडे उभा आहे तो चढाईपटू. समोर सात जण, आपण एकटे, हाताशी तीस सेकंद, आणि श्वासात 'कबड्डी कबड्डी'.

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली, आणि तिच्यामागोमाग मोबाइलवरचा कबड्डीचा मनातला संघही आला. सात गडी निवडायचे. प्रत्येक गड्याला किंमत लावलेली असते, आणि एकूण खर्चाला मर्यादा असते. सातांतला एक कप्तान नेमायचा, त्याचे गुण दुप्पट. एक उपकप्तान, त्याचे दीडपट. म्हणजे सगळी खोच आली तुलनेत. महागडा चढाईपटू घेतला तर बाकीच्या जागांना पैसा उरत नाही. स्वस्त घेतला तर गुण कमी पडण्याचे भय.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. काही वर्षे हा खेळ पैसे लावून चालत असे. पगार हाती आला की त्यातले थोडे मोबाइलमध्ये जाणार, असे अनेक घरांतले गणित होऊन बसले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे असे खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे या कायद्याने गुन्हा ठरवले. तेव्हा आजचा हिशेब पैसे लावण्यासाठी नाही. तो आहे डोळे उघडे ठेवून खेळ पाहण्यासाठी, आणि त्याहूनही आपल्या शाळेच्या, गावच्या संघात योग्य पोराला योग्य जागा मिळावी यासाठी.

आता पहिली कसोटी. नुसती बेरीज पाहू नये, किती सामन्यांत ते पाहावे.

परदीप नरवाल याने २०१७ च्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून चढाईचे ३६९ गुण मिळवले. एका हंगामातला तो विक्रम ठरला. पवन सेहरावत याने २०१९ मध्ये बंगळुरू बुल्सकडून ३४६ मिळवले. पारावरचा निकाल लगेच लागतो, परदीप मोठा, २३ गुणांनी. पण परदीप त्या हंगामात २६ सामने खेळला आणि पवन २४. भागाकार करून बघा. परदीपचे सामन्याला सुमारे १४.२, पवनचे सुमारे १४.४. पारडे उलटे झाले!

आणखी एक पायरी खाली उतरू. परदीपने त्या हंगामात हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एकाच सामन्यात ३४ चढाईगुण घेतले होते. पवननेही आपल्या हंगामात त्याच हरियाणाविरुद्ध एकाच सामन्यात ३९ घेतले. असे दिवस हंगामातून एखादेच येतात. ते दोन सामने बाजूला ठेवले तर परदीपचे २५ सामन्यांत ३३५ उरतात आणि पवनचे २३ सामन्यांत ३०७. सरासरी निघते १३.४ आणि १३.३५. म्हणजे रोजच्या भाकरीचा हिशेब केला तर दोघे जवळजवळ एकाच पट्टीचे. ज्या वादावरून पारावर आवाज चढतात तो वाद इतक्या बारीक फरकाचा आहे. पोरांनी भांडावे, जरूर भांडावे, पण हे आकडे समोर ठेवून.

दुसरी कसोटी थोडी जास्त महत्त्वाची. गड्याने काय आणले हे आपण मोजतो. काय गमावले हे मोजत नाही.

समजा, आपल्या शाळेत दोन चढाईपटू आहेत. नावे नकोत, थोरला आणि धाकटा म्हणू. एका सामन्यात थोरल्याने २० चढाया केल्या आणि १० गुण आणले. धाकट्याने १२ चढाया करून ८ आणले. बक्षीस कोणाला? टाळ्या तर थोरल्यालाच पडणार. आता वहीची दुसरी बाजू उघडू. थोरला पाच वेळा पकडला गेला, धाकटा एकदाच. प्रत्येक पकडीचा एक गुण समोरच्यांना गेला. तेव्हा थोरल्याची निव्वळ कमाई दहातून पाच वजा, पाच गुण. धाकट्याची आठातून एक वजा, सात गुण. आणि तीही आठ चढाया कमी करून. शंभर चढायांच्या मापाने सांगायचे तर थोरला पंचवीस गुण कमावतो, धाकटा अठ्ठावन्न.

हिशेब इथेही संपत नाही. गुण दोन जातींचे असतात. निदान रेषेच्या पलीकडे एक मीटरवर बोनसची रेषा असते. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हा ती ओलांडली की एक गुण मिळतो. पण त्या गुणाने समोरचा कोणी बाद होत नाही आणि आपला बाहेर बसलेला कोणी आत येत नाही. फलकावरचा आकडा तेवढा वाढतो. हात किंवा पाय लावून घेतलेला गुण वेगळा. त्याने समोरचा एक कमी होतो आणि आपला एक जिवंत होतो. आता आपल्या थोरल्याच्या दहांत सहा बोनस होते आणि चार स्पर्शाचे. धाकट्याच्या आठांत एकच बोनस, सात स्पर्शाचे. म्हणजे थोरल्याने समोरचे चार बाद केले आणि स्वतः पाच वेळा बाद झाला. धाकट्याने सात बाद केले आणि स्वतः एकदाच बाहेर गेला. लोण चढतो तो याच हिशेबातून, आणि लोणाचे दोन गुण वर मिळतात ते निराळेच.

याचा अर्थ बोनस टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. आघाडी एका गुणाची असेल आणि वेळ संपत आली असेल, तेव्हा पायाच्या अंगठ्याने घेतलेला बोनस लाखमोलाचा. पण दोन चढाईपटूंची तुलना करताना दोन्ही जातींचे गुण एकाच टोपलीत टाकून मोजू नयेत. तांदूळ आणि तूस एकत्र मापून शेतकरी भाव ठरवत नाही.

तिसरी कसोटी अशी की चढाई कोणती होती ते विचारावे.

आपल्याला ठाऊक आहे की सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीला गुण आणावाच लागतो, नाही आणला तर चढाईपटू बाद. ही तिसरी चढाई सगळ्यात अवघड. समोरच्या सातांना पक्के ठाऊक असते की हा आज हात मारल्याशिवाय परतणार नाही. ते दबा धरून बसतात. काही संघ हे काम एका ठराविक गड्यावरच सोपवतात. मुंबईचा ऋषांक देवाडिगा अशा चढायांसाठी नावाजला गेला. २०१८ च्या लिलावात यूपी योद्धाने त्याच्यासाठी १ कोटी ११ लाख रुपये मोजले. ते काही नुसत्या एकूण गुणांसाठी मोजले नाहीत. जो गडी संघाची अडलेली कामे करतो त्याचे आकडे मोकळ्या चढाया करणाऱ्यापेक्षा उणेच दिसणार. घाटात गाडी ओढणाऱ्या बैलाची चाल सपाटीवरच्या बैलाशी ताडून पाहिली तर घाटातला बैल आळशी ठरेल!

त्याचप्रमाणे समोर किती गडी होते तेही पाहावे. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता त्यांनी चढाईपटू पकडला तर प्रो कबड्डीत पकड करणाऱ्यांना दोन गुण मिळतात. तिथे घाईने शिरणारा चढाईपटू आपल्याच संघाची कमाई परत करून येतो. मागे थांबून, वेळ काढून, समोरच्यालाच चूक करायला लावणारा खेळाडू प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटतो. कप्तानाने त्याला सांभाळून ठेवावे.

चौथी कसोटी सातत्याची. पाच सामन्यांत पन्नास-पन्नास गुण मिळवणारे दोघे घ्या. एकाचे सामनावार गुण दहा, नऊ, अकरा, दहा, दहा. दुसऱ्याचे बावीस, तीन, अठरा, दोन, पाच. बेरीज एकच. पण हे दोघे एकसारखे आहेत काय? ज्याला साखळी सामने खेळून पुढे जायचे आहे त्याने पहिला घ्यावा. तो रोज आपले काम करून घरी येतो. ज्याचा संघ मुळातच दुबळा आहे आणि बलाढ्य संघाशी एकदाच गाठ आहे, त्याने दुसऱ्यावर भिस्त ठेवली तर ते शहाणपणाचे ठरेल. रोजच्यासारखे खेळून तो हरणारच असतो. बावीसचा दिवस उगवला तर उगवला. मोबाइलवर कप्तान नेमणाऱ्यालाही हाच विचार करावा लागतो. तेव्हा 'चांगला कोण' या प्रश्नाच्या आधी 'कशासाठी' हा प्रश्न येतो.

आता पाचवी कसोटी. माझ्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होते, आणि इथेच माझे अर्थशास्त्र कामी येते. कोणत्याही गड्याचे मोल तो किती चांगला आहे यावरून ठरत नाही. तो गेला तर त्याच्या जागी जो मिळेल, त्याच्यापेक्षा तो किती चांगला आहे यावरून ठरते.

पुन्हा दोन कप्तान समोरासमोर उभे करू. मैदानात चारच गडी उरले आहेत. दोन चढाईपटू, दोन कोपरारक्षक. प्रत्येक कप्तानाला एक चढाईपटू हवा आणि एक कोपरारक्षक. चढाईपटूंत एक सामन्याला दहा गुणांचा, दुसरा नऊचा. कोपरारक्षकांत एक पाच गुणांचा, दुसरा दोनचा. पहिली निवड आपली आहे. मग दुसरा कप्तान दोघे घेणार आणि उरलेला आपल्याला. बहुतेक जण डोळे मिटून दहा गुणांचा चढाईपटू मागतील. मग काय होते? समोरचा कप्तान पाचाचा कोपरारक्षक आणि नऊचा चढाईपटू उचलतो. आपल्या वाट्याला दोनाचा रक्षक येतो. आपले झाले बारा, त्याचे चौदा. आता उलट करा. पहिला मागा पाचाचा कोपरारक्षक. समोरचा खुशीत दहाचा चढाईपटू घेतो, त्याच्या जोडीला दोनाचा रक्षक घ्यावा लागतो. आपल्याला नऊचा चढाईपटू मिळतो. आपले चौदा, त्याचे बारा! गडी तेच, मैदान तेच. फक्त आधी कोणाला मागितले त्याने निकाल फिरला.

असे का झाले? दोन चढाईपटूंत अंतर एकाच गुणाचे होते, दोन रक्षकांत तिनाचे. जिथे पहिल्या आणि दुसऱ्यात दरी मोठी, तिथे आधी हात घालावा. भाव नावाला दिला जातो आणि फायदा त्या दरीतून मिळतो. ही एक गोष्ट आमच्या मुलांच्या ध्यानी आली तर पारावरचे निम्मे वाद शांत होतील.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, सर्वाधिक चढाईगुण दबंग दिल्लीच्या आशू मलिकचे होते. अजिंक्यपद मात्र पुणेरी पलटणने मिळवले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. पलटणची चढाई एकट्याच्या खांद्यावर नव्हती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिककडचा आकाश शिंदे, शिवाय पंकज मोहिते आणि मोहित गोयत, असे चौघे ती वाटून घेत. लिलावात त्या वर्षी पलटणने मोठी रक्कम ओतली होती ती इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर, २ कोटी ३५ लाख. आणि शादलुईची ख्याती पकडीची! चढाईपटू एकापेक्षा एक हाताशी असताना असा पकडपटू दुर्मिळ, म्हणून पैसा तिकडे गेला. अंतिम सामन्यात एकूण २८ गुण मिळवून हा संघ जिंकला, यात त्यांच्या खेळाची रीत दिसते.

आता भावाविषयी दोन शब्द. लिलावात बोली लागते ती गेल्या वर्षीच्या आकड्यांवर, आणि खेळायचे असते पुढल्या वर्षी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडे आला तो ३६ लाख ४० हजारांना. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेच्या वर चढाईगुण केले. दुसऱ्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्याने पुन्हा दोनशेच्या वर गुण केले. गडी आपल्या शब्दाला जागला. पण त्याचा नवा संघ गुणतक्त्यात तळाशीच राहिला. भाव चौपट झाला म्हणून गुण चौपट होत नाहीत, आणि एक चढाईपटू सात जणांचे काम करत नाही.

पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि उरलेला सगळा हंगाम तो बाहेर राहिला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर २ कोटी ६० लाखांहून जास्त बोली लावली, म्हणजे त्याच्या कसाबद्दल कोणाला शंका नव्हती. पण गुडघा कोणाच्या करारात बांधलेला नसतो. आणि परदीप नरवाल, ज्याने चढाईत १८०० गुणांचा टप्पा ओलांडला, त्याची बोली २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख होती, २०२४ मध्ये ७० लाख झाली, आणि २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. चढाईपटूचे शरीर म्हणजे त्याची शेती. दर वर्षी तेच पीक, तेच पीक काढीत राहिले तर जमीन कस सोडते. अमेरिकेतल्या रनिंग बॅकची कथा हीच. वर्षानुवर्षे फळी फोडून फोडून तो इतर खेळाडूंच्या मानाने लवकर थकतो, आणि तिथले जाणते लोक निवड करताना त्याचे वय आधी विचारतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता आपल्या अंगणात येऊ. लिलाव आपल्याला करायचा नाही. पण निवड आपण दर वर्षी करतो, आणि त्या निवडीवर एखाद्या मुलाचे पुष्कळ काही अवलंबून असते. तालुक्याला खेळला तर जिल्ह्याला जातो. जिल्ह्याला चमकला तर राज्याच्या निवडीत उभा राहतो. पुढे पोलिसात, रेल्वेत, बँकेत खेळाडू म्हणून नोकरी मिळालेली कितीतरी घरे आपल्या आसपास आहेत. तिथे आपण कोणाला निवडतो? बहुधा जो उंच आहे त्याला, जो मांडीवर थाप मारून मैदान गाजवतो त्याला, ज्याच्या नावाने गल्ली ओरडते त्याला. आपला तो धाकटा, बारा चढाया करून एकदाच पकडला जाणारा, तो राखीव बाकावर बसतो. दोन वर्षे बसतो, मग खेळ सोडतो आणि कुठेतरी कामाला लागतो. त्याची हानी आपल्याला दिसतसुद्धा नाही, कारण ती कोणी मोजलेली नसते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. एक वही घ्यावी. प्रत्येक चढाईपटूच्या नावापुढे सहा रकाने आखावेत: एकूण चढाया, स्पर्शाचे गुण, बोनसचे गुण, किती वेळा पकडला गेला, रिकाम्या चढाया, आणि तिसऱ्या चढाईला किती वेळा पाठवला. वही लिहिण्याचे काम खेळात नसलेल्या मुलाला द्यावे. ज्याला धावता येत नाही पण खेळाची आवड आहे असा एक मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वर्गात असतेच. निदान पाच सामने नोंद ठेवावी; एकाच सामन्यावरून निकाल देऊ नये. मग स्पर्श आणि बोनस यांची बेरीज करावी, पकडी वजा कराव्यात, आलेल्या आकड्याला चढायांनी भागावे. गणिताच्या तासाला हेच उदाहरण फळ्यावर द्यावे. सरासरी म्हणजे काय हे पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा लवकर समजेल, आणि वर्ग जागाही राहील!

मुलींच्या संघालाही हीच वही लावावी. अभिलाषा म्हात्रे यांना २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हापासून आगरी-कोळी पट्ट्यातल्या घरोघरच्या मुलींना मैदानाची वाट जरा जवळची वाटू लागली आहे, असे मला दिसते. मुलींच्या बाबतीत तर नजरेचा अंदाज आणखी फसवा असतो, कारण त्यांचे सामने पाहणारे डोळेच थोडे. तिथे लिहिलेला आकडा हीच त्यांची साक्ष.

या वहीत न मावणाऱ्याही गोष्टी आहेत, हे विसरून चालणार नाही. पकडला गेल्यावर हसून बाहेर बसणारा, आत आल्याबरोबर सोबत्याची पाठ थोपटणारा, हरत आलेल्या सामन्यात 'मी जातो' म्हणून पुढे होणारा, यांचे रकाने आखता येत नाहीत. त्या ठिकाणी गुरुजींची नजर हवीच. पण वही आधी आणि नजर मागाहून, असा क्रम ठेवावा. नजर आधी आली की ती वहीला आपल्याकडे ओढून घेते.

तेव्हा उद्या कोणी विचारले, "हा चांगला का तो?" तर लगेच नाव सांगू नका. उलट विचारा, किती सामन्यांत? किती चढायांत? किती वेळा पकडला गेला? कोणती चढाई होती? आणि तो नसेल तर त्याच्या जागी कोण आहे? एवढी पाच उत्तरे मिळाली की नाव आपोआप पुढे येईल. येत्या हंगामात आपापल्या शाळेत, आपापल्या गावी ही वही सुरू करून बघा, आणि शेवटच्या पानावर पहिल्या क्रमांकाला कोणाचे नाव येते ते त्या मुलाला बोलावून दाखवा.